चंदी, चढण आणि मालक: ब्रिटिश ट्रेनरची कारकीर्द कशी उभी राहते

प्रश्न असा आहे की ब्रिटनमधले जे रेसहॉर्स ट्रेनर तीस-चाळीस वर्षं वरच्या फळीत राहिले ते कशामुळे: घराण्यामुळे, पैशामुळे की घोडा ओळखणाऱ्या नजरेमुळे? आणि घरात कधी घोडा नसलेल्या माणसाला तिथे शिरकाव आहे का?

शिरकाव आहे. या यादीत बुकीचा मुलगा आहे, टॅक्सी चालवून पोट भरणारा आहे, जनावरांचा डॉक्टर आहे आणि दुसऱ्याच्या पागेत नोकरी करता करता वर आलेलाही आहे. घराण्याचा फायदा होतो, पण तो पहिल्या चार-पाच वर्षांपुरता. घोडा तयार करणं, म्हणजे त्याचा दम वाढवणं, हा आज या धंद्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे, कारण ती विद्या आता सगळ्यांकडे पोचली आहे. फरक पडतो तो तीन ठिकाणी. घोडा बिघडतोय हे किती लवकर कळतं, त्याचं नाव कोणत्या रेसला घातलं जातं, आणि बिलं भरणारे मालक किती वर्षं टिकतात.

महालक्ष्मी किंवा पुण्याची रेस पाहत आलेल्यांना आधी एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे घोडे क्लबच्या पागांमध्ये बांधलेले असतात आणि पहाटे सगळे ट्रेनर त्याच ट्रॅकवर घोडे काढतात. ब्रिटनमध्ये साठाच्या आसपास रेसकोर्स आहेत, पण ट्रेनर तिथे राहत नाही. पागा त्याची स्वतःची किंवा भाड्याची, आणि घोडे पळवायची जमीनही त्यानेच निवडलेली. तिला ते गॅलप म्हणतात. त्यामुळे तिथल्या कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय घोड्याचा नसून जागेचा असतो.

न्यूमार्केटला गेलं तर गॅलप जॉकी क्लबची. सुमारे ५० मैलांचे हिरवळीचे पट्टे, शिवाय वॉरन हिलसारखी कृत्रिम पृष्ठभागाची चढण. दर घोड्यामागे दरमहा फी भरली की सगळं खुलं. उन्हाळ्यात बाकी जमीन दगड झालेली असताना लाइमकिल्न्सची जुनी हिरवळ नरम राहते, आणि एवढ्या एका सोयीसाठी लोक न्यूमार्केट सोडत नाहीत. लॅम्बॉर्नला चुनखडीच्या टेकड्या आहेत. पाणी धरून ठेवत नाहीत, म्हणून जंप्सचे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींचे ट्रेनर तिथे रमले. यॉर्कशरमध्ये मिडलहॅमचा माळ आहे. गावातल्या गॅलपचा तोटा एकच, पण मोठा: शेजारच्या दीड-दोन हजार घोड्यांपैकी एखाद्याला खोकला झाला तर तो आपल्या दारात यायला वेळ लागत नाही. म्हणून काही जण मुद्दाम एकटे राहिले.

एकटं राहण्याचं टोकाचं उदाहरण टॅक्सी चालवणारा जिंजर मॅकेन. साउथपोर्टला गाड्यांच्या शोरूमच्या मागे त्याची पागा होती आणि गॅलप म्हणजे समुद्रकिनारा. ओहोटीच्या वाळूवर मशीनने जमीन नांगरून त्यावर तो घोडे पळवायचा. १९७२ मध्ये त्याने ६,००० गिनींना रेड रम विकत घेतला. घोड्याला खुरातल्या हाडाचा आजार होता, पेडल ऑस्टिआयटिस. कठीण जमिनीवर तो लंगडायचा. वाळू नरम, आणि काम झालं की पाय समुद्राच्या थंड खाऱ्या पाण्यात. दुसऱ्या एखाद्या पागेत तो घोडा बहुधा कायमचा बाद झाला असता. इथे त्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन ग्रँड नॅशनल, म्हणजे अडथळ्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध शर्यती जिंकल्या, मधल्या दोन वर्षी दुसरा आला. मॅकेनला २००४ मध्ये अँबरली हाउसने चौथी नॅशनल मिळवून दिली, पण रेड रमच्या वेळी जागा आणि घोडा यांचं जे जमलं ते पुन्हा कुणाला ठरवून जमवता येईलसं वाटत नाही.

दमाची विद्या सगळ्यांची झाली ती मार्टिन पाइपमुळे. १९८०च्या आधी जंप्सच्या घोड्याला तयार करायची रीत ठरलेली होती. उन्हाळ्यात कुरणावर सोडलेला, पोट सुटलेला घोडा जुलै-ऑगस्टमध्ये पागेत आणायचा, सहा आठवडे रस्त्यावर चालवायचा आणि दुडकीने न्यायचा, मग लांब संथ कँटर, आणि मोसमातली पहिली रेस हा जवळजवळ सराव धरायचा. पहिल्या रेसला घोडा 'थोडा कमी' असणारच, हे मालकही मान्य करायचे. पाइपने ते मानलं नाही. बुकीचा मुलगा, घोड्यांचं शिक्षण कुणाकडे घेतलेलं नाही, सॉमरसेट-डेव्हनच्या सीमेवर निकोलशेन इथे वडिलांनी घेतलेली शेती. त्याने लांब संथ काम टाकून दिलं. छोटी चढण, त्यावर जोरात वर, चालत खाली, पुन्हा वर. धावपटू ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात तेच.

चढणीचं कारण सरळ आहे. सपाटीवर घोड्याचे ठोके वर न्यायचे तर वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढला की पुढच्या पायांवरचा आघात वाढतो. चढणीवर कमी वेगातही ठोके तेवढेच चढतात, आणि वजन मागच्या पायांकडे सरकतं. विश्रांतीत तीस-चाळीस ठोके असलेलं घोड्याचं हृदय पूर्ण जोरात मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास जातं. वर पोचल्यावर ते किती लवकर खाली येतं, यावर तयारीचा खरा अंदाज लागतो. वेग पाहून तो तितका लागत नाही. पाय न झिजवता दम मिळतो, एवढाच यातला डाव. पाइपने जोडीला पागेतच रक्ततपासणीची प्रयोगशाळा उभी केली आणि घोड्यांची नियमित वजनं ठेवली. त्या काळी जुने लोक यावर हसायचे.

हसणं फार दिवस टिकलं नाही. ट्रेनर मायकेल डिकिन्सनने १९८२-८३च्या मोसमात १२० विजय मिळवले तेव्हा तो आकडा अचाट वाटला होता. पाइपने १९८८-८९ मध्ये २०८ केले, आणि १९९९-२००० मध्ये २४३. जंप्सचं ट्रेनरांचं अजिंक्यपद त्याने १५ वेळा घेतलं. त्याचे घोडे पहिल्या उडीपासून पुढे निघायचे आणि मागच्यांना म्हणायचे, या बघू. दमात उरलेल्यांपेक्षा वरचढ असाल तर हीच सगळ्यात सुरक्षित चाल. गर्दीत अडकायचं नाही, समोरचा पडला म्हणून आपण पडायचं नाही. पण पंधरा वर्षांत प्रत्येक पागेत चढणीचं कृत्रिम गॅलप आलं. पहिल्या रेसला अर्धवट तयार घोडा आणण्याची सोय संपली. तिथून पुढे नुसत्या दमावर कुणी मोठा झाला नाही.

आता आजाराकडे. चांगल्या पागेत सकाळी सगळ्यात आधी बघितला जातो तो घोड्याचा गव्हाणीचा तळ. साधारण ५०० किलोच्या, पूर्ण कामावरच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तीन-चार वेळांत विभागून दिली जाते, वर गवत किंवा आंबवलेलं हेलेज. रात्रीची चंदी उरली असेल तर कारण सापडेपर्यंत तो घोडा जोरात पळवायचा नाही. दात, ताप, पोट किंवा आदल्या दिवशीचं जास्तीचं काम, या चारांपैकी काहीतरी असतं. मग थर्मामीटर. ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक. साडेअडतीसच्या वर गेला की आज चालवायचा तोसुद्धा पाठीवर न बसता, हाताने धरून. बऱ्याच घोड्यांना विषाणूची बाधा असताना ताप येतच नाही, फक्त रेसमध्ये शेवटच्या दोन फर्लांगात ते विझतात. त्यासाठी कामानंतर नाकातून दुर्बीण घालून श्वासनलिकेत शेंबूड आहे का पाहतात, आणि रक्तात पांढऱ्या पेशी व फायब्रिनोजेन वाढलं आहे का तपासतात.

त्यानंतर पाय. मोठ्या पागांमध्येही हे काम यंत्राला दिलेलं नाही. घोडा बाहेर निघण्याआधी, पाय थंड असताना, हेड लॅड, म्हणजे पागेतला मुकादम, खाली बसतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, नळीच्या मागून जाड कंडरा जातात. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, अशी चिमूट करून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळू सरकवायची. निरोगी कंडरा ताणलेल्या दोरीसारखी, कडा स्पष्ट. वाईट बातमी असते ती एखाद्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत: तिथे किंचित कोमट, कडा किंचित बोथट, आणि दाबलं की घोडा पाय काढून घेतो किंवा नुसता कान मागे टाकतो. लगेच दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं, कारण काही घोड्यांचे दोन्ही पाय मुळातच भरलेले असतात. शंका आली तर त्या दिवशी काम बंद आणि सोनोग्राफी. ती शंका गिळून घोडा गॅलपवर काढला तर कंडरा फाटते, धनुष्यासारखी फुगते, आणि नऊ महिने ते वर्षभर घोडा घरी. जंप्सच्या पागेत अशी दोन-तीन प्रकरणं एका मोसमात झाली तर तो मोसम गेला म्हणून समजा. फ्लॅटच्या, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतींच्या, दोन वर्षांच्या घोड्यांत दुखणं वेगळं: नडगीचं कोवळं हाड दुखायला लागतं, सोअर शिन्स. त्याला औषध म्हणजे वेग कमी करणं. घाईचे ट्रेनर इथेच वर्ष वाया घालवतात.

एक चूक नवे लोक हमखास करतात. सुटीच्या दिवशी चंदी नेहमीइतकीच ठेवतात. दुसऱ्या दिवशी घोडा पागेतून निघतो, अर्धा फर्लांग चालतो आणि मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे आखडतात. लघवी कॉफीच्या रंगाची. याला टाइंग अप म्हणतात. माद्यांत, त्यातही तापट माद्यांत जास्त. उपाय आदल्या रात्रीच करायचा असतो: काम नाही तर धान्य निम्मं, आणि गवत पोटभर.

इतकं सगळं जपलं तरी अर्धीच लढाई झाली, कारण चांगला घोडा चुकीच्या रेसला घालून हरवणं फार सोपं आहे. ब्रिटनमध्ये बहुसंख्य रेस हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन घालून सगळ्यांना बरोबरीत आणणाऱ्या. फ्लॅटच्या घोड्याने साधारण तीनदा पळून दाखवलं की हँडिकॅपर त्याला रेटिंग देतो आणि त्यावरून पाठीवरचं वजन ठरतं. पाच फर्लांगाच्या रेसमध्ये एक लांबी, म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर, सुमारे तीन पौंड वजनाचं. दोन मैलांच्या रेसमध्ये तीच लांबी सुमारे एका पौंडाची. आता धरा, तुमच्याकडे लांब पल्ल्याच्या रक्ताचा, अजून भरायचा असलेला दोन वर्षांचा घोडा आहे. शरद ऋतूत तो सहा-सात फर्लांगांच्या तीन रेसमध्ये प्रामाणिकपणे पळतो आणि मधल्यांत येतो, कारण तेवढ्या पल्ल्यात त्याचा वेगच पुरत नाही. रेटिंग येतं कमी. हिवाळ्यात तो वाढतो, भरतो. तीन वर्षांचा झाल्यावर पहिली रेस दीड मैलाची. कागदावर तोच घोडा, प्रत्यक्षात दुसराच.

ही कला ज्याच्या नावाने ओळखली जाते तो न्यूमार्केटच्या हीथ हाउसचा सर मार्क प्रेस्कॉट. १९७० पासून तिथेच, आणि पागा मुद्दाम लहान ठेवलेली. यातली दुसरी खोच तारखांची आहे. घोडा जिंकला की पुढच्या रेसला लगेच पाच-सहा पौंड जादा वजनाचा ठरावीक दंड बसतो. हँडिकॅपर मात्र त्याला कदाचित दहा-बारा पौंड वाढवणार असतो. पण नवी रेटिंग मंगळवारी जाहीर होतात आणि लागू व्हायला आणखी काही दिवस जातात. त्या फटीत घोडा परत पळाला तर तो पाच पौंड हलका पळतोय. म्हणून प्रेस्कॉटचे घोडे जिंकायला लागले की दहा-बारा दिवसांत दोन-तीनदा दिसतात, आणि तेवढ्यासाठी ते इंग्लंडच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करतात. १९८० मध्ये त्याच्या स्पिंड्रिफ्टर या दोन वर्षांच्या घोड्याने एकाच मोसमात १३ रेस जिंकल्या. १९९७ मध्ये पास्टर्नाकने यॉर्कची मॅग्नेट कप आणि न्यूमार्केटची केंब्रिजशर अशी मोठी जोडी मारली. आणि जो 'फक्त हँडिकॅपवाला' म्हणून हिणवला जायचा त्यानेच २०२२ मध्ये अल्पिनिस्टाला घेऊन पॅरिसची आर्क ही युरोपातली मोठी शर्यत जिंकली.

सीमारेषा इथेच सांगितलेली बरी. जॉकीने घोडा दाबून धरला तर तो गुन्हा आहे, चौकशी होते, लायसन्स जातं. पल्ला निवडणं, जमीन निवडणं, घोडा वाढेपर्यंत थांबणं हे ट्रेनरचं काम. दोहोंत गल्लत करणारे फार दिवस टिकत नाहीत.

नावं घालण्याचं काम दिसायला कारकुनी, पण पागेतला सगळ्यात महागडा तास तोच. बहुतेक साध्या रेसना पाच-सहा दिवस आधी नाव द्यावं लागतं, मग फ्लॅटला ४८ तास आधी सकाळी दहाच्या आत पक्कं करावं लागतं. एका घोड्याचं नाव चार ठिकाणी घालायचं, कुठे पाऊस पडेल, कुठे कोण येतंय हे बघायचं आणि तीन काढून घ्यायची. डिकिन्सनने २७ डिसेंबर १९८२ या एका दिवशी वेगवेगळ्या रेसकोर्सवर मिळून १२ रेस जिंकल्या. त्या दिवशी घोडे तयार होते हे खरंच, पण कोणता घोडा कुठे जाईल याची आखणी नसती तर त्यातले निम्मे एकमेकांविरुद्धच पळाले असते. पुढच्याच मार्चमध्ये चेल्टनमच्या गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्याचे होते.

आता पैसा. लोकांना वाटतं ट्रेनर बक्षिसांवर जगतो. जिंकलेल्या रकमेच्या दशांशाच्या आसपास त्याला मिळतं, पण खालच्या दर्जाच्या हँडिकॅपचं पहिलं बक्षीसच तीन-चार हजार पौंडांचं असतं. पागा चालते ती रोजच्या ट्रेनिंग फीवर, दर घोड्यामागे दिवसाला साधारण ५० ते १०० पौंड, जागा आणि नाव यांप्रमाणे. नालबंद, डॉक्टर, गॅलपची फी, वाहतूक, नावनोंदणी हे मालकाला वेगळं लागतं. तीन-चार घोड्यांमागे एक माणूस लागतो, आणि पगार हा सगळ्यात मोठा खर्च. फी बेतानेच ठेवलेली असते, म्हणजे नफा जवळजवळ नाही. तीन मालकांनी चार महिने बिल थकवलं की पागा बुडाली. बंद पडणाऱ्या पागांत घोडे वाईट होते म्हणून बंद पडलेल्या थोड्या. वसुली झाली नाही म्हणून बंद पडलेल्या जास्त.

सुरुवातीचं भांडवल कुठून आणायचं याचीही नाना उत्तरं आहेत. बॅरी हिल्स हा जॉन ऑक्सलीच्या पागेत नोकरीला होता. १९६८च्या लिंकन हँडिकॅपमध्ये तिथल्या फ्रँकिन्सेन्सवर त्याने पैसे लावले, घोडा जिंकला, आणि त्या पैशांतून लॅम्बॉर्नची पागा उभी राहिली. १९७३ मध्ये राइनगोल्डने त्याला आर्क मिळवून दिली. हा मार्ग अनुकरणासाठी सांगत नाही. पॉल निकल्सचा मार्ग जास्त शहाणपणाचा. जॉकी म्हणून हेनेसी ही जंप्सची मोठी शर्यत दोनदा जिंकलेला, वजन आवरेना म्हणून थांबलेला. १९९१ मध्ये सॉमरसेटच्या डिचिट गावात दुधाचा धंदा करणाऱ्या पॉल बार्बरच्या पागेत भाडेकरू म्हणून त्याने मोजक्या घोड्यांवर सुरुवात केली. घरमालक स्वतः घोड्यांचा शौकीन होता आणि त्याला गोल्ड कप जिंकायचा होता. म्हणजे जागा, पहिला मालक आणि ध्येय एकाच माणसात. सी मोअर बिझनेसने १९९९ मध्ये तो कप आणला, डेनमनने २००८ मध्ये. दोन्हींत बार्बरची भागीदारी होती. डेनमनच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी, २००७ आणि २००९ मध्ये, तो आणला निकल्सच्याच कॉटो स्टारने. निकल्सची १४ अजिंक्यपदं या पायावर उभी आहेत.

उलट बाजू हेन्री सेसिलची. सावत्र वडील सेसिल बॉइड-रॉचफर्ट, सासरे नोएल मर्लेस, दोघेही दिग्गज. १९६९ पासून स्वतःचं लायसन्स, पुढे सासऱ्यांचीच वॉरन प्लेस पागा. दहा वेळा अजिंक्य, चार डर्बी, आठ ओक्स (ही डर्बीच्या तोडीची माद्यांची शर्यत). १९९५ मध्ये दुबईचे शेख मोहम्मद यांनी आपले चाळीसच्या आसपास घोडे तिथून एकदम काढून घेतले. घसरण लगेच दिसली नाही. काही वर्षं मोठे विजय येत राहिले, १९९९ मध्ये ओथने डर्बीसुद्धा जिंकली. पण पागेत दरवर्षी येणाऱ्या नव्या दोन वर्षांच्या घोड्यांचा दर्जा आटला, आणि २००५ मध्ये संपूर्ण वर्षात फक्त १२ विजय. अशा वेळी बाकीचे मालकही हळूच पाय काढतात. सौदीचे खालिद अब्दुल्ला थांबले. २००७ मध्ये लाइट शिफ्टने ओक्स जिंकली, आणि मग अब्दुल्लांकडून फ्रँकेल हा घोडा आला.

फ्रँकेलला वेग शिकवायचा नव्हता, थांबायला शिकवायचं होतं. लहानपणी तो कामात लगाम ओढून पळायचा. असा घोडा पहिल्या अर्ध्यातच स्वतःला जाळतो. रोज तोच रायडर, पुढे एक घोडा ठेवून त्याच्या आडोशाला शांत पळवणं, मोठ्या रेसमध्ये भाऊ बुलेट ट्रेन वेग धरायला. २०११च्या २००० गिनीज या एका मैलाच्या मोठ्या शर्यतीत तो सुरुवातीपासून एकटाच पुढे सुटला आणि सहा लांबींनी जिंकला. बघायला अद्भुत, पण थांबायला शिकवणारी धाव ही नव्हती. मैलाच्या पलीकडे त्याला नेलं ते थेट ऑगस्ट २०१२ मध्ये, यॉर्कला, घोडा पुरता निवल्यावर. १४ पैकी १४. सेसिल तोवर कर्करोगाने खंगला होता. जून २०१३ मध्ये तो गेला.

यावरून मार्क जॉन्स्टनचा रस्ता समजतो. ग्लासगोचा पशुवैद्य, १९८७ मध्ये लिंकनशरच्या किनाऱ्याजवळ दहाएक खणांच्या पागेत सुरुवात, पुढच्या वर्षी मिडलहॅम. त्याने एका बड्या मालकावर उभं राहायचं नाही असं ठरवल्यासारखं काम केलं: पुष्कळ मालक, पुष्कळ घोडे, सगळ्यांना जवळपास एकच ठरलेलं काम, पागेतच डॉक्टर, आणि घोडा धडधाकट असेल तर वारंवार रेस. मालकाला घोडा पळताना दिसला की बिल भरताना त्रास होत नाही, हे त्याला कळलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये यॉर्कला पोएट्स सोसायटी जिंकला आणि ४,१९४ विजयांसह तो तोवर विक्रम ज्याच्या नावावर होता त्या रिचर्ड हॅननच्या पुढे गेला. २०२२ मध्ये ५,००० वर पोचणारा ब्रिटनमधला पहिला ट्रेनर. तरीही तो एकदाही अजिंक्य ट्रेनर झाला नाही. ब्रिटनमध्ये हे पद विजयांच्या संख्येवर दिलं जात नाही, बक्षिसाच्या एकूण रकमेवर दिलं जातं. म्हणून २०२४ मध्ये आयर्लंडचा विली मलिन्स ब्रिटनचं जंप्सचं पद घेऊन गेला: एकट्या ग्रँड नॅशनलचं पहिलं बक्षीस पाच लाख पौंड होतं. ट्रेनरचा आलेख वाचताना तीन आकडे शेजारी ठेवा: किती घोडे पळवले, किती टक्के जिंकले, आणि रकमेतला किती भाग एकाच घोड्याचा किंवा एकाच मालकाचा. तिसरा आकडा मोठा असेल तर ती पागा दिसते तेवढी भक्कम नाही.

शिरण्याची रीत आज बरीच स्पष्ट आहे. न्यूमार्केटचं ब्रिटिश रेसिंग स्कूल आणि डॉनकास्टरचं नॅशनल हॉर्सरेसिंग कॉलेज इथे पागेतल्या नोकरीचं मूलभूत शिक्षण मिळतं. नंतर काही वर्षं पागेत, जमल्यास असिस्टंट ट्रेनर म्हणून. लायसन्ससाठी ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीला घोड्यांची निगा, माणसं सांभाळणं आणि व्यवसाय या तिन्हींचे अभ्यासक्रम पूर्ण केलेले लागतात, पागेची तपासणी होते आणि पैशाची सोय दाखवावी लागते. जंप्समध्ये फक्त स्वतःचे व घरच्यांचे घोडे तयार करायचे असतील तर परमिट मिळतं. मॅकेनची सुरुवात तशीच झाली.

असिस्टंट कुणाकडे राहायचं, यावर पुढची वीस वर्षं ठरतात. फ्रेड विंटर जॉकी म्हणून चार वेळा आणि ट्रेनर म्हणून आठ वेळा अजिंक्य. निकी हेंडरसन त्याच्याकडे शिकला आणि १९७८ मध्ये बाहेर पडला. डॅन स्केल्टन निकल्सकडे नऊ वर्षं होता. मायकेल स्टाउट तर बार्बाडोसहून एकोणिसाव्या वर्षी आला, यॉर्कशरमध्ये पॅट रोहनकडे लागला, १९७२ मध्ये स्वतंत्र झाला आणि सहा डर्बी जिंकला. पहिली १९८१ मध्ये शेरगारची, दहा लांबींची, शेवटची २०२२ मध्ये डेझर्ट क्राउनची. शिकताना बघायचं ते गॅलप नाही, ते कुणीही बघू शकतं. घोडा हरल्यावर ट्रेनर मालकाला फोनवर काय सांगतो, ते ऐकायचं.

बायकांना हे दार १९६६ पर्यंत कागदोपत्री बंदच होतं. लायसन्स हेड लॅडच्या नावावर आणि काम बाईचं, असं चालायचं. फ्लॉरेन्स नेगल तेव्हा लायसन्स देणाऱ्या जॉकी क्लबला कोर्टात घेऊन गेली, अपील कोर्टाने तिच्या बाजूने कल दाखवला आणि क्लब नमला. त्याच ऑगस्टमध्ये नोरा विल्मॉटच्या नावावर पहिला अधिकृत विजय लागला. जेनी पिटमनने १९८३ मध्ये कॉर्बियरला घेऊन ग्रँड नॅशनल जिंकली, १९९५ मध्ये रॉयल ॲथलीटला घेऊन पुन्हा. तीही पॉइंट-टू-पॉइंटच्या, म्हणजे गावाकडच्या हौशी शर्यतींतून वर आली होती.

शेवटची गोष्ट वारशाची, कारण घराण्याबद्दल विचारलं होतं. चालू पागा हाती येणं हा मोठा लाभ असतो. रॉजर चार्ल्टनने १९९० मध्ये जेरेमी ट्रीची बेकहॅम्पटनची पागा घेतली आणि त्याच जूनमध्ये फ्रेंच डर्बी आणि एप्सम डर्बी दोन्ही जिंकल्या. सँग्लामोर आणि क्वेस्ट फॉर फेम, दोन्ही तिथेच घडलेले. पण पूर्वी बापाने लायसन्स सोडलं की त्या दिवशी मालक विचारात पडायचे, थांबायचं की नवीन पोराकडून घोडा काढायचा. २०२० पासून दोघांच्या नावावर एकच लायसन्स घेता येतं. जॉन गॉस्डेनने २०२१ मध्ये थेडीचं नाव जोडलं, जॉन्स्टनने २०२२ मध्ये चार्लीचं, आणि वर्षभराने स्वतःचं काढून घेतलं. मालकाच्या दृष्टीने फरक एवढाच झाला की बिलावर आधी एक नाव होतं, मग दोन, मग पुन्हा एक.